हॅलोवीनच्या संध्याकाळी दारोदार कुणी जावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅलोवीनच्या संध्याकाळी मुलं वेष पालटून घरोघरी जातात आणि कँडी मागतात, त्यालाच ‘ट्रिक-ऑर-ट्रीट’ म्हणतात. ऑक्टोबर अर्धा सरला की अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर त्याबद्दल दरवर्षी तेच प्रश्न येतात. मुलगी चौदाची झाली, पाठवू का? आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, पलीकडच्या बंगल्यांच्या भागात गेलं तर चालेल का? आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना बरोबर न्यावं का? खालची उत्तरं न्यू जर्सीसारख्या उपनगरी वस्त्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कॅनडातही बरंचसं असंच चालतं. जिथे कायद्याचा संबंध आहे तिथे तसं सांगितलंय. बाकी सगळा रीतीभातीचा मामला आहे आणि त्यात माझी मतं मी लपवलेली नाहीत.

हे कधी असतं, किती वाजता निघायचं?

३१ ऑक्टोबरला, वार कुठलाही असो. काही गावं रविवार आला की शनिवारी उरकून घेतात, पण तो अपवाद. तुमच्या टाउनशिपच्या वेबसाइटवर वेळ दिलेली असते, ती आधी बघा. चिमुकली पाच-साडेपाचलाच बाहेर पडतात, शाळकरी पोरं अंधार पडला की, आणि साडेआठच्या पुढे शहाण्या माणसाने कुणाची बेल वाजवू नये. २००७पासून अमेरिकेत घड्याळ एक तास मागे घेण्याचा दिवस ऑक्टोबरअखेरीहून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गेला, त्यामुळे न्यू जर्सीत हॅलोवीनला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. लहानग्यांना थोडा उजेड मिळतो तो त्यामुळेच.

गावागणिक तऱ्हा वेगळी. आयोवातल्या डी मॉइनमध्ये अनेक वर्षं पोरं ३० ऑक्टोबरला बाहेर पडत असत. त्या संध्याकाळीचं नावच मुळी ‘बेगर्स नाइट’. तिथे नुसतं तोंड दाखवून कँडी मिळत नाही, एक विनोद सांगावा लागतो. सेंट लुइसमध्येही तोच रिवाज. विनोद पांचट असला तरी चालतो. किंबहुना पांचटच असावा अशी अपेक्षा असते.

कुणाच्या दारी जायचं हे कसं ओळखायचं?

दाराबाहेरचा दिवा. पोर्च लाइट चालू म्हणजे या, बंद म्हणजे पुढे जा. एवढा एक नियम पाळला तरी निम्मं शिष्टाचार पाळल्यासारखं होतं. अंगणात भोपळे, सांगाडे, कोळ्याची जाळी असं सगळं आहे, पण दिवा बंद आहे, तर दिव्याचं ऐका. कँडी संपली असेल, घरात तान्हं बाळ झोपलं असेल, कुणी नाइट शिफ्टहून येऊन आडवं झालं असेल. बेल एकदाच वाजवायची. दहा-पंधरा सेकंदांत कुणी आलं नाही तर निघायचं. खिडकीतून टीव्हीचा उजेड दिसतोय म्हणून पुन्हा वाजवायची नाही.

माझ्या सासूबाई म्हणतात, ही भीक मागण्याचीच तऱ्हा झाली. त्यांना काय सांगू?

त्यांना शिमग्याची आठवण करून द्या. सोंगं घेऊन दारोदार जायचं आणि पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, मागायचं, हे कोकणात वाढलेल्या माणसाला नवीन नाही. तिथे पोस्त मागणाऱ्या पोरांना कुणी भिकारी म्हणत नाही आणि पोस्त दिलं नाही तर काय होतं हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

इतिहासही फार वेगळा नाही. इंग्लंडमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, संतांच्या आणि मृतात्म्यांच्या सणाला, गोरगरीब घरोघरी जाऊन मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात त्यांना छोटे गोड केक मिळत. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये मुलं वेष पालटून जात, गाणं किंवा कविता म्हणत आणि मग सुकामेवा, फळं, नाणी पदरात पडत. एकोणिसाव्या शतकात तिकडून आलेल्या लोकांबरोबर हे अमेरिकेत पोचलं. इथे मधल्या काळात त्याला दांडगाईचं वळण लागलं. फाटकं उपटून नेणं, काचा फोडणं, गाड्यांचं नुकसान करणं असे प्रकार १९२०-३०च्या दशकांत इतके वाढले, की गावंच्या गावं वैतागली. पोरांच्या हातात काहीतरी गोड ठेवून त्यांना शांत करण्याची शक्कल त्यातूनच बळावली. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशनिंग आलं आणि सगळं थंडावलं. १९४७ साली रेशनिंग उठल्यावर या प्रथेने जो जोर धरला तो आजतागायत.

म्हणजे कँडी देणारा दान करत नाही, शेजार राखतो. सासूबाईंना हे पटायला हरकत नसावी. नाहीच पटलं तर त्यांना दारात कँडी वाटायला बसवा, एका तासात पटेल.

कितव्या वर्षापर्यंत जावं? आमचा मुलगा तेराचा आहे, पण सोळाचा वाटतो.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त नाकं मुरडली जातात तीही इथेच.

आधी कायदा. बहुतेक गावांत वयाची अट नाही. काही ठिकाणी मात्र आहे. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात १९७०पासून असा नियम होता, की बारा वर्षांवरच्या मुलाने ट्रिक-ऑर-ट्रीट केलं तर २५ ते १०० डॉलर दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. कँडीसाठी तुरुंग! यावर देशभर हसू झाल्यावर २०१९ साली शहराने वय चौदावर नेलं आणि तुरुंगाची तरतूद काढून टाकली. कॅनडात न्यू ब्रन्सविकमधल्या बॅथर्स्ट गावाने २०१७ साली आपली मर्यादा चौदावरून सोळावर नेली. तुमच्या गावात असं काही आहे का ते एकदा बघून घ्या. असलं, तरी पोलिस पोरांचे जन्मदाखले तपासत फिरत नाहीत. हे नियम मुख्यतः दंगेखोरांना आवरायला हाताशी ठेवलेले असतात.

आता रीत. साधारण समज असा, की सातवी-आठवीपर्यंत कुणी भुवया उंचावत नाही, नववीपासून काही लोक उंचावतात, आणि अठरा ओलांडल्यावर स्वतःसाठी पिशवी घेऊन फिरणं शोभत नाही. माझं मत याहून सैल आहे. पंधरा-सोळाची मुलं त्या संध्याकाळी काय काय करू शकली असती याची यादी मनातल्या मनात करून बघा. त्याऐवजी ती अंगात डायनासोरचा फुगा चढवून तुमच्या दारात उभी आहेत आणि चॉकलेट मागताहेत. द्या की.

शिवाय वय चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. आपल्या मुलांना बाराव्या-तेराव्या वर्षीच मिसरूड फुटतं आणि उंचीही भराभर वाढते. सावळ्या किंवा कृष्णवर्णीय मुलाकडे ‘हा जरा मोठाच दिसतोय’ अशा नजरेने लवकर बघितलं जातं, हे इथे राहणाऱ्या प्रत्येक आईबापाला माहीत आहे. म्हणून दारात आलेल्या मुलाला ‘तू जरा मोठा नाहीस का यासाठी?’ असं विचारणं मला असभ्यच वाटतं. विचारून तुम्हाला काय मिळणार? वाचणार ते वीस सेंटचं चॉकलेट.

मुलालाही मात्र चार गोष्टी बजावून पाठवा. वेष हवाच, आणि त्यावर थोडी मेहनत दिसायला हवी. नेहमीची हुडी घालून उशीचा अभ्रा पुढे करणं म्हणजे आळस. लहान मुलं दारात असतील तर मागे थांबायचं. टोळक्याने ड्राइव्हवे अडवायचा नाही. ‘थँक यू’ ऐकू येईल असं म्हणायचं. तेराव्या वर्षी मुलांचा आवाज घशातच राहतो, ते त्या संध्याकाळी चालणार नाही.

वेष न करता आलेल्यांना काय करायचं?

द्यायचं. थंडी असते आणि वेष जाकिटाखाली झाकला जातो. कुणाकडे पैसे नसतात, तर कुणाला अंगाला टोचणारं कापड सहनच होत नाही. ‘अरे वा, तू कोण झालायस?’ एवढं विचारावं. उत्तर ‘मी मीच’ असं आलं तरी हसून पुढे करावं.

आठ महिन्यांच्या बाळाला नेलं तर लोक हसतील का?

हसणार नाहीत, कौतुकच करतील. पण बाळाच्या नावाने चाळीस घरं फिरू नका. ज्याला दात नाहीत त्याची कँडी कोण खाणार हे सगळ्यांना कळतं. ओळखीच्या पाच-सहा घरी जा, फोटो काढा, परत या.

आई-बाबांनी स्वतःची पिशवी न्यावी का?

नाही. वेष जरूर करा, कुटुंबाने मिळून एकच कल्पना घेतलीत तर फारच छान, पण पिशवी मुलाची. तुम्ही फुटपाथपाशी किंवा ड्राइव्हवेच्या तोंडाशी थांबायचं, मुलाला दारापर्यंत जाऊ द्यायचं. मूल लाजत असेल तर पायरीपर्यंत जा, पण त्याच्या वतीने तुम्हीच ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणू नका. कुणी आपणहून ‘तुम्हीपण घ्या’ म्हणालं तर एक घ्यायला हरकत नाही; काही गल्ल्यांत मोठ्यांसाठी बिअर किंवा गरम सायडरही ठेवलेलं असतं.

घरी आजारी पडलेल्या भावंडासाठी मागावं का, हा उपप्रश्न नेहमी येतो. दोन-तीन ओळखीच्या घरी मागा, मुलाकडूनच मागवा. प्रत्येक दारी ‘भावासाठी पण एक’ म्हणत सुटलात तर ते बनेल वाटतं. खरं तर बाकीची भावंडं परत आल्यावर वाटणी करतातच. करत नसतील तर तो घरातला विषय आहे, गल्लीतला नाही.

आजी-आजोबा आलेत. ते येऊ शकतात का?

जरूर. पण खरं तर त्यांची जागा दारात आहे. साठीच्या पुढच्या माणसाला खुर्ची, शाल आणि मांडीवर कँडीचं परात देऊन दाराशी बसवलं की संध्याकाळ कशी सरते ते त्यांनाही कळत नाही. बसण्याआधी तीन गोष्टी मात्र सांगून ठेवा.

पहिली: कुणालाही ‘आत या, बसा, पाणी घ्या’ म्हणायचं नाही. आपल्याकडे दारातून परत पाठवणं वाईट. इथे अनोळखी मुलाला घरात बोलावणं वाईट. सगळा व्यवहार उंबऱ्याबाहेर. दुसरी: गाल ओढायचा नाही, उचलून घ्यायचं नाही, आणि दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे तर मुळीच नाहीत. तिसरी: ‘घे, अजून घे’ असा आग्रह सात वाजेपर्यंत आवरायचा. आजीच्या हातून पहिल्या दहा मुलांनाच निम्मी परात जाते आणि खरी गर्दी तर त्यानंतर येते.

आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो. गाडी घेऊन दुसऱ्या वस्तीत गेलो तर ते आगाऊपणाचं ठरेल का?

या प्रश्नावर इथले लोकही दरवर्षी भांडतात. २०१४ साली एका गाजलेल्या इंग्रजी सल्ला-सदरात एका श्रीमंत वस्तीतल्या माणसाने तक्रार केली होती, की बाहेरून गाड्या भरभरून मुलं येतात, ती काही आमच्या गल्लीतली नाहीत, मग आम्ही त्यांच्यासाठी का खर्च करायचा? सदरलेखिकेने त्याची चांगलीच कानउघाडणी केली आणि दुकानात जाऊन आणखी कँडी आणायला सांगितलं. त्या उत्तरावर बराच गदारोळ झाला. मी लेखिकेच्या बाजूने आहे.

कारण सरळ आहे. ट्रिक-ऑर-ट्रीटला काय लागतं? एकमेकांना लागून घरं, फुटपाथ, रस्त्यावर दिवे आणि घरी असलेली माणसं. हे सगळं असलेल्या वस्त्या मोजक्या असतात आणि महाग असतात. कुणाच्या घरासमोर हायवे आहे, कुणाची घरं एकमेकांपासून अर्धा मैल लांब, कुणाच्या भागात रात्री मुलांना बाहेर काढायची भीती वाटते. एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहणारं, नुकतंच एच-वन व्हिसावर आलेलं जोडपं आणि त्यांचं पाच वर्षांचं पोर यांनी कुठे जावं? शाळेत तर सगळे याच गप्पा मारत असतात.

म्हणून जा. फक्त पाहुण्यासारखं जा. गाडी एका जागी कायदेशीर लावा आणि पायी फिरा. मुलांना एका घरी उतरवून गाडी हळूहळू पुढे नेत राहणं हा रहिवाशांना सगळ्यात खटकणारा प्रकार आहे, आणि अंधारात धोक्याचाही. कुणाचा ड्राइव्हवे अडवू नका. हिरवळीवरून आडवे जाऊ नका. आठ-दहा मुलांची झुंड नेऊ नका. आणि शक्य असेल तर मुलाच्या त्या वस्तीत राहणाऱ्या वर्गमित्राबरोबर जा; बहुतेक घरं खुशीने बोलावतात, एरवी त्यांचंच मूल एकटं फिरतं. ज्यांच्या घरी जमणार असाल त्यांच्यासाठी कँडीची एक मोठी पिशवी घेऊन जा. ही गोष्ट कुणी शिकवत नाही, पण यजमान कायम लक्षात ठेवतात.

गेट असलेल्या वस्तीत मात्र ओळखीशिवाय शिरायचं नाही. गार्डला ‘मित्राकडे जायचंय’ असं खोटं सांगून तर नाहीच.

आपल्याच कॉम्प्लेक्समध्ये काही होतं का हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी लीझिंग ऑफिस कागद लावतं आणि ज्यांना मुलं आलेली चालतील ते आपला फ्लॅट नंबर लिहितात किंवा दाराला भोपळ्याचं चित्र चिकटवतात. चित्र नसलेलं दार ठोठावायचं नाही. शाळा आणि चर्च पार्किंग लॉटमध्ये ‘ट्रंक-ऑर-ट्रीट’ ठेवतात: गाड्यांच्या डिक्क्या सजवलेल्या, मुलं एका डिकीहून दुसरीकडे. सुरक्षित असतं, लहानांना बरं असतं. पण दार उघडण्याची गंमत त्यात नाही. चर्चच्या कार्यक्रमाला जायला ख्रिस्ती असावं लागत नाही, बहुतेक ठिकाणी बोर्डावरच सगळ्यांना आमंत्रण असतं.

उलट बाजूने विचारते: आमच्या गल्लीत बाहेरची दोनशे मुलं येतात, आम्ही किती पुरणार?

पुरवायलाच हवं असं नाही. जमेल तेवढं आणा, एकाला एक द्या, संपलं की दिवा बंद. कुणी दार वाजवून जाब विचारणार नाही. पण दारात उभ्या मुलाला ‘तू इथला आहेस का?’ विचारू नका. फुटपाथ सगळ्यांचा आहे, आणि दिवा तर तुम्हीच चालू ठेवलाय.

किती कँडी घ्यायची? बाहेर नुसता बाऊल ठेवला असेल तर?

माणूस देत असेल तर देईल तेवढी. ‘तुझ्या हाताने घे’ म्हणाले तर एक, फार तर दोन. हवी तीच शोधायला बाऊल ढवळायचा नाही. नावडती मिळाली तर तोंड वाकडं करायचं नाही. घरी अदलाबदलीचा बाजार भरतोच.

माणूस नसलेल्या बाऊलवर ‘एकच घ्या’ अशी चिठ्ठी असते. त्या बाऊलपाशी आपलं मूल काय करतं हे लांबून बघण्यासारखं असतं.

मूल बोलतच नसेल, किंवा विशेष गरजा असलेलं असेल तर?

तर ते इतरांइतक्याच हक्काने येईल. दारात ‘जादूचा शब्द म्हटल्याशिवाय नाही’ असा हट्ट गमतीने करणारे लोक असतात. आधी दोन सेकंद बघा. काही मुलं बोलत नाहीत, काही डोळ्यांत बघत नाहीत, काही कार्ड दाखवतात, आणि काहींना एकेक चॉकलेट निवडायला फार वेळ लागतो. स्वमग्नता असलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आईचा हात धरून आलेला असू शकतो. वयाबद्दल वर जे लिहिलं त्यामागे हेही एक कारण आहे.

२०१८-१९च्या सुमारास समाजमाध्यमांवर एक कल्पना पसरली: स्वमग्न मुलांनी निळी बादली घ्यावी, म्हणजे घरमालकांना न बोलता कळेल. काही पालकांना तिचा खरंच उपयोग होतो. काहींना वाटतं, मुलाने आपलं निदान हातात लटकवून का फिरावं? शिवाय निळी बादली कुणीही आवडली म्हणून घेतं. माझ्या मते, बादलीचा रंग बघून वागायची वेळच येऊ नये. देणाऱ्याने सगळ्यांशीच धीराने वागलं की प्रश्न मिटला.

तुमच्या दाराला पायऱ्या असतील तर खाली ड्राइव्हवेवर टेबल मांडून बसा. व्हीलचेअर, बाबागाडी, गुडघेदुखीचे आजोबा, सगळ्यांची सोय होते.

निळसर-हिरवा भोपळा दारात दिसतो, तो कशासाठी?

त्या घरी खाण्याशिवाय दुसरं काहीतरी मिळतं: स्टिकर, पेन्सिल, छोटी खेळणी. अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी २०१२ साली टेनेसीतल्या पालकांच्या एका गटाने हे सुरू केलं आणि २०१४पासून ते देशभर पसरलं. मात्र ॲलर्जी नाही म्हणून त्या घरी जायचं नाही असा काही नियम नाही.

आपल्यापैकी शाकाहारी घरांसाठी एक टीप. गमी बेअर, मार्शमॅलो, स्टारबर्स्ट अशा बऱ्याच चिवट गोड पदार्थांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. दारात उभं राहून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत बसू नका आणि देणाऱ्याला ‘वी आर व्हेजिटेरियन’ हे व्याख्यान देऊ नका. घ्या, आभार माना, घरी बाजूला काढा.

दिवाळी आणि हॅलोवीन एकत्र आले तर?

येतात अधूनमधून. २०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती आणि इथल्या अनेक घरांत त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजनही झालं. अडचण एकच, पण मोठी: दारात आकाशकंदील, पणत्या, दिव्यांच्या माळा. मुलांच्या लेखी याचा अर्थ ‘या’. त्यामुळे दिवाळीसाठी दार उजळलं असेल तर कँडीही ठेवा, पूजा चालू असेल तर बाहेर बाऊल ठेवा. पणत्या पायऱ्यांवरून उचलून उंचावर ठेवा. लांब घोळदार झगे आणि उघडी ज्योत यांचं जमत नाही. त्या संध्याकाळपुरत्या बॅटरीवरच्या घेतल्या तर लक्ष्मी रागावणार नाही.

चकली, करंजी, बेसनलाडू ओळखीच्या शेजाऱ्यांना ताटलीत द्या, पण ट्रिक-ऑर-ट्रीटच्या पिशवीत नाही. घरी केलेलं काहीही पालक फेकून देतात, आणि लाडवातला काजू कुणाला तरी महागात पडेल. फराळ कचऱ्यात गेलेला बघवणार आहे का?

मुलाला शिवाजी महाराजांचा वेष करायचाय.

शिवजयंतीला करा. या संध्याकाळी डावीकडे झॉम्बी, उजवीकडे पिझ्झाचा तुकडा, आणि दर दुसऱ्या दारी ‘तू समुद्री चाचा, पायरेट का रे?’ असा प्रश्न. मुलाचाच विरस होतो. देवादिकांचंही तसंच. तलवार तर शाळेत आणूच देत नाहीत, बहुतेक शाळांत खोट्या शस्त्रांना आणि तोंड झाकणाऱ्या मुखवट्यांना बंदी असते. साधा मावळा, वारकरी, कोळी हे मात्र झकास दिसतात आणि त्याबद्दल सांगायलाही मुलाला आवडतं.

दुसऱ्यांच्या बाबतीतही हेच भान ठेवायचं. अमेरिकन आदिवासींचा पिसांचा मुकुट, कृष्णवर्णीय दिसण्यासाठी तोंडाला काळा रंग, हे अजिबात नाही. आपल्या टिकलीचा कुणी खेळ केला की आपण चिडतो ना?

आम्हाला हे सगळं पटत नाही. भाग नाही घेतला तर?

दिवा बंद ठेवा आणि आत निवांत बसा. यहोवाज विटनेसेस पंथाची माणसं हॅलोवीन पाळत नाहीत, इतरही काही ख्रिस्ती घरं नाही पाळत; शेजारी त्याचा राग धरत नाहीत. फक्त ज्यांना पटतं त्यांना ‘भुताखेतांचे सण’ म्हणून टोमणे मारू नका, आणि स्वतः दिवा बंद ठेवून मुलांना मात्र बाहेर पाठवत असाल तर ते थोडं चमत्कारिक दिसतं. दोघांपैकी एकाने घरी राहावं, नाहीतर निघताना बाऊल ठेवावा.

एकट्या मुलांना पाठवायचं कधीपासून? आणि कँडीत विष वगैरे?

बारापर्यंत कुणीतरी मोठं बरोबर असावं, हा सर्वसाधारण सल्ला. पुढे मित्रांबरोबर, ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेळेत.

विषाची भीती मात्र सोडून द्या. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८पासूनच्या बातम्या वर्षानुवर्षं तपासल्या. अनोळखी माणसाने हॅलोवीनला वाटलेल्या कँडीतल्या विषाने मूल दगावल्याची एकही खात्रीलायक घटना त्यांना सापडली नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एक मुलगा गेला खरा, पण विष त्याच्या सख्ख्या बापानेच दिलं होतं. फाटलेलं पाकीट टाकून द्या, तेवढं पुरे.

भीती बाळगायची तर गाड्यांची. १९७५ ते २०१६ या वर्षांतल्या अमेरिकेतल्या अपघातांच्या एका अभ्यासात असं दिसलं, की हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्याचा गाडीखाली मृत्यू होण्याचा धोका आसपासच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त असतो, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांना तो सर्वाधिक. बॅटमॅनचा काळा झगा अंधारात दिसत नाही. पाठीवर चमकणारी पट्टी लावा, हातात टॉर्च द्या, रस्ता कोपऱ्यावरच ओलांडा. आणि त्या दिवशी तुम्ही ऑफिसातून उशिरा निघत असाल तर गल्लीत शिरताना गाडी अगदी रांगती ठेवा.

कँडी किती आणायची?

बाजूच्या घरी विचारा, तिथे जुनं कुणी राहत असेल तर बिनचूक आकडा सांगेल. एकाच गावात एका गल्लीत दहा मुलं येतात आणि दुसरीत तीनशे. पहिल्या वर्षी स्वतःला आवडणारी आणा, उरली तर प्रश्न नाही. उरलेली १ नोव्हेंबरला ऑफिसच्या पॅन्ट्रीत ठेवली की दुपारच्या चहापर्यंत संपते. आणि त्याच दिवशी दुकानात तीच पाकिटं निम्म्या किमतीला मिळतात, पण ती पुढच्या वर्षासाठी घेऊन ठेवू नका. पुढच्या वर्षापर्यंत टिकलेली अजून कुणी पाहिली नाहीत.